जोडीनं फिरणारी माणसं

रोज सकाळी मैदानावर फिरलं की वजन कमी होतं म्हणतात. आमच्या अकोल्यातल्या ग्रुपमध्ये तरी कोणाचं झालेलं मी पाहिलं नाही. किस्से मात्र साचत जातात. सुरुवातीला ते हसून सांगता येतात, मग जरा सांभाळून सांगावे लागतात, आणि काही असे असतात की सांगता सांगता आपणच मध्ये थांबतो. तरी सांगते. मनात ठेवून त्यांचं लोणचं थोडीच होणार आहे?

ग्रुप म्हणजे आम्ही तीन जोडपी. मी आणि आमचे हे, अरुण. कापडाचं दुकान असलेले दिनकरभाऊ गावंडे आणि त्यांच्या शोभावहिनी. आणि कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले वानखडे सर आणि त्यांच्या मिसेस, प्रमिलाबाई. प्रमिलाबाई मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. आमच्या यांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा प्रमिलाबाईंनीच आम्हा दोघांना घरातून ओढून काढलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि नवऱ्यांना बायकांपासून वेगळं काढलं.

"कावून?" दिनकरभाऊंनी विचारलं.

"जोडीनं उभं राहिलं की व्यायाम होत नाही, भांडण होते."

"आमच्यात भांडण नाई होत, बाई," दिनकरभाऊ म्हणाले. "आमच्यात बोलणंच नाई होत."

सगळे हसले. शोभावहिनी हसल्या नाहीत. तेव्हा लक्षात आलं की माणूस खरं बोलून गेला.

*

गावंड्यांकडे भांडण असं काही झालंच नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि या दोघांचं बोलणं बंद झालं, एवढंच. आधी मुलगी मध्ये असायची. "बाबांना सांग जेवायला या." "आईला म्हण पाणी दे." ती गेली आणि निरोप न्यायला कोणी उरलं नाही. आता ते काम माझ्याकडे आलं होतं.

मध्यंतरी शोभावहिनींनी आणि मी झुंबाचा क्लास लावला. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये चालायचा. शिकवणारी पोरगी आमच्या मुलांपेक्षा लहान. वहिनींनी त्यासाठी नवे बूट घेतले, गुलाबी पट्ट्यांचे. पहिले काही दिवस त्या नुसत्या जागच्या जागी हलायच्या. एक दिवस गाणं जोरात सुरू होतं, सगळ्या बाया हात वर करून नाचत होत्या, आणि वहिनी एकदम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं चक्कर आली.

"काई नाई वं," त्या म्हणाल्या. "मले लग्नातलं आठवलं. वरातीत सारे नाचून राहिले होते. मले बी लय नाचावंसं वाटे. सासरे म्हणाले, नवरीनं मान खाली ठेवावं. तवापासून आज हात वर केला."

खाली दिनकरभाऊ स्कूटरवर थांबले होते. त्यांनी मला विचारलं, "काय शिकवते तिथं?"

"हात वर करायला," मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. मग मलाच म्हणाले, "मंग त्यायले म्हणा, माळ्यावरचे डबे काढाले सोपं जाईन."

वहिनी त्यांच्या मागं बसल्या आणि स्कूटर गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या क्लासला आल्या नाहीत.

काही दिवसांनी दिनकरभाऊ मैदानावर मला हळूच म्हणाले, "त्या कावून नाई येत क्लासले? बूट तसेच पडून आहेत घरी."

"तुम्हीच विचारा ना."

"तुमी विचारा," ते म्हणाले. "मले सांगजा."

*

त्याच दिनकरभाऊंना जावयानं मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दिलं. हृदयाचे ठोके दाखवतं, चालणं मोजतं, जास्त वेळ बसलं की हलवून उठवतं. भाऊ सगळ्यांना दाखवत फिरत होते. चालताना ठोके वाढतात, बसल्यावर उतरतात. तेवढ्यात शोभावहिनींनी मागून आवाज दिला, "चला, दूधवाला येऊन जाईन." कितीतरी दिवसांनी त्या थेट त्यांच्याशी बोलल्या होत्या. भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहा पहा, आवाज ऐकूनच वाढले."

आम्ही हसलो. शोभावहिनी चप्पल झटकत म्हणाल्या, "चला, माया आवाजानं काहीतरी होते म्हणा तुमाले अजून."

*

आता आमचं. दुसऱ्यांचंच सांगत बसले तर बरं दिसत नाही.

आमचा मुलगा निखिल पुण्यात असतो. त्याची बायको ऋचा अमरावतीची, आमच्याच माहितीतल्या वकिलांची मुलगी. दोघांनी मिळून आम्हाला कोकणात न्यायचं ठरवलं. हॉटेल, गाडी, सगळं त्यांनी पाहिलं. यांना समुद्र बघायचा होताच. आम्ही वऱ्हाडातली माणसं, एवढं पाणी एका जागी पाहिलं की आधी विश्वासच बसत नाही.

ट्रिप फार छान झाली. ऋचानं मला हाताला धरून लाटांत नेलं. निखिलनं सगळ्यांचे इतके फोटो काढले की यांचे हसून हसून गाल दुखायला लागले. शेवटच्या दिवशी नाश्ता झाल्यावर निखिल म्हणाला, "आई, बाबा, एक सांगायचं आहे." मला वाटलं गोड बातमी. मी ऋचाकडे पाहिलं. ती बशीतल्या फळांच्या फोडी काट्यानं इकडून तिकडे करत होती.

ते दोघं वेगळे होणार होते. ठरून झालं होतं. भांडण नाही, तिसरं कोणी नाही, म्हणे आमचं जमत नाही. मी काय बोलले ते मला आठवत नाही. यांनी फक्त एवढंच विचारलं, "मंग इतके फोटो कावून काढले?"

निखिल म्हणाला, "तुमच्यासाठी."

अकोल्याला परत आल्यावर मैदानावर सगळ्यांनी विचारलं, कशी झाली ट्रिप. हे म्हणाले, "समुद्र लय मोठा हाय." आणि चालायला लागले. त्या दिवशी इतक्या जोरात चालले की मला गाठता आलं नाही.

*

नंतर आम्ही अमरावतीला व्याह्यांकडे गेलो. जाताना गाडीत दोघांनी ठरवलं होतं, स्पष्ट बोलायचं. पोरांना समजवायचं, चौघांनी मिळून.

वकीलसाहेबांनी दार उघडलं. विहीणबाईंनी पोहे आणले, वर तर्री. सगळ्यांनी पोहे संपवले. शेवटी वकीलसाहेबांनी यांना विचारलं, "तब्येत उतरलेली दिसते. फिरता का?"

"हो, रोज."

"किती?"

मग त्यावरच बोलणं सुरू झालं. यांचं फिरणं, त्यांचा प्राणायाम. सकाळी कोमट पाणी की मेथीचं पाणी. गुडघ्यांसाठी सायकल बरी की पोहणं. वकीलसाहेबांनी सतरंजी टाकून आम्हाला कपालभाती करून दाखवली. विहीणबाई त्यांच्या बाजूला बसून पदर सावरत श्वास मोजत होत्या. मीही मोजत होते. चार शहाणी माणसं त्या खोलीत नुसता श्वास घेत आणि सोडत होती.

निघताना विहीणबाईंनी नेहमीसारखं मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, की आता आपण एकमेकींच्या कोण.

बडनेरा मागं पडल्यावर हे म्हणाले, "काय वं, बोलायचं राहूनच गेलं."

*

हे सगळं मी ग्रुपमध्ये एकट्या प्रमिलाबाईंना सांगितलं. मैदानाच्या कडेला सिमेंटचा बाक आहे, तिथं बसून. त्यांनी माझा हात हातात घेतला, पुष्कळ वेळ धरून ठेवला. म्हणाल्या, "पोरं आपली असतात वं, त्यांचं नशीब आपलं नसते."

दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा एकदम खुशीत म्हणाल्या, "अगं, कोकणातून आलीस ना? कशी झाली ट्रिप? सूनबाई बरी आहे?"

मला वाटलं, मुद्दाम विचारतात, इतर बायका जवळ आहेत म्हणून. पण जवळ कोणी नव्हतं. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा माझा हात हातात घेतला. पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तसंच पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बरे आहेत दोघं. मजेत आहेत."

"वा," त्या म्हणाल्या. "सांभाळून घे हो तिला. गुणी पोरगी आहे."

त्यानंतर रोज त्या विचारायच्या आणि रोज मी सांगायचे, मजेत आहेत. खरं सांगू? मला ते बरं वाटायला लागलं होतं. अख्ख्या अकोल्यात एका माणसाच्या मनात तरी माझ्या मुलाचा संसार टिकून होता.

*

सरांच्या लक्षात आधीच आलं असणार. पण ते बोलले नाहीत. आम्हाला सगळ्यांना कळलं ते एका सकाळी, हात वर करायच्या व्यायामाच्या वेळी.

प्रमिलाबाई समोर उभ्या राहून आकडे म्हणायच्या, आठपर्यंत. आठ झाले की शिट्टी, मग हात खाली. त्या दिवशी एक, दोन, तीन, चार, पाच झालं आणि त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, जास्त वेळ धरून ठेवायला लावतात. त्यांची तशी सवय होती. पण त्या आमचं एकेकाचं तोंड पाहत होत्या, जणू पुढचा आकडा आमच्यातल्या कोणीतरी लपवला आहे.

कोणी हात खाली घेतला नाही. यांचा खांदा दुखतो, यांनीही नाही. शोभावहिनींचे हातही वरच होते.

मागच्या रांगेतून सर हळू आवाजात म्हणाले, "सहा."

"सहा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"सात."

"सात."

आठच्या वेळी त्यांनी स्वतःच शिट्टी वाजवली. पुढे काही महिने असंच चाललं. सर मागून म्हणायचे, त्या पुढून. मग एक दिवस त्यांनी शिट्टी हातात घेऊन मला विचारलं, "हे काय आहे वं?"

*

घरात त्यांना सर चालायचे. घर म्हटलं की घरातला माणूस, एवढं त्यांना पुरत असावं. मैदानावर आलं की मात्र त्या पीटीच्या बाई व्हायच्या, आणि हा उंच म्हातारा कोण, हे त्यांना उमगायचं नाही.

एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "तो माणूस रोज मायासोबत चालते," त्या म्हणाल्या. "वाईट नाई दिसत. पण लोक पाहतात. आमच्या घरी कळलं तर बरं नाई दिसणार. तू सांग त्याले."

मी सरांना कसं सांगणार? पण त्यांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून ते त्यांच्या मागून चालायला लागले. फार जवळ नाही, लोकांना वाटावं की वेगळा माणूस आहे. फार दूर नाही, त्या अडखळल्या तर पोचता यावं. पन्नाशीतली नवी मंडळी मैदानावर यायला लागली होती, त्यांतल्या एका बाईनं माझ्याजवळ तक्रार केली, "ते म्हातारे गृहस्थ त्या बाईंचा पाठलाग करतात." मी म्हटलं, "हो. लग्न झाल्यापासून."

*

थंडी सुरू झाली होती. प्रमिलाबाईंच्या बुटाची लेस सुटली. त्या चालता चालता थांबल्या आणि पायाकडे पाहत राहिल्या. सर मागून आले, खाली बसले आणि त्यांनी लेस बांधली. उठायला त्यांना वेळ लागला. मी बाकावर होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुमी भले माणूस दिसता," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लग्न झालं तुमचं?"

"हाव."

"मंग बायको कुठी हाय?"

"घरी."

"घरी कावून ठेवता तिले? बसून बसून बाई खराब होते. आणत जा फिराले."

"आणतो," सर म्हणाले. "उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी सर दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मागं राहिले नाहीत. प्रमिलाबाईंच्या बाजूनं चालायला लागले. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या पलीकडे पाहिलं.

"आणलं नाई?"

"येऊन राहिली. मागून."

"हळू चालते का?"

"हाव. थोडी हळू झाली आता."

"मंग आपुन बी हळू चालू."

दोघं हळू चालायला लागले. वळणावर प्रमिलाबाई थांबल्या आणि त्यांनी मागं वळून पाहिलं. सरांनीही पाहिलं. मागं मोकळं मैदान होतं.

"येतेच आता," सर म्हणाले.

"मंग थांबू ना," प्रमिलाबाई म्हणाल्या.

आणि दोघं तिथंच, वाट पाहत उभे राहिले.