शेषरावांनी धुतलेली दुर्बीण

शेषराव दुर्बीण माझ्या हातात द्यायच्या आधी तिचं टोक कानाला लावायचे. रोग्याच्या श्वासनळीत घालायची ती काळी, लवचिक नळी, आणि हा माणूस डोळे मिटून ती ऐकत उभा. मला कधी त्याची सवय झाली नाही. रोगी टेबलावर, माझा पारा चढलेला, आणि यांचं निवांत चाललेलं.

"ऐकू द्या जी साहेब. कालचा मानूस आतून अजून गेला नसन तं?"

नागपुरातल्या आमच्या छोट्या रुग्णालयात दुर्बिणी धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. घासून झालं की नळीत हवा भरून ती पाण्यात बुडवायची. कुठे फट असली तर बुडबुडे येतात. बाकीचे एक नजर टाकून मोकळे व्हायचे. शेषराव भांड्यावर वाकून, पापणी न हलवता बघत राहायचे. मध्येच त्यांचा तो ठरलेला खोकला. दोन बारीक ठसके, थोडं थांबून तिसरा.

एकदा बुडबुडा एकही नव्हता, तरी म्हणाले, "आज ही नको."

"काहून?" मीही त्यांच्याच भाषेत चिडलो.

"आत कोनी श्वास घेऊन राह्यलं."

वैतागून मी एकदाच वापरायच्या दुर्बिणीचं पाकीट फोडलं. मला ती कधीच आवडली नाही. हलकी आहे, लगेच हाताशी येते, आधीच्या रोग्याच्या जंतूंची धास्ती नाही, सगळं कबूल. पण चित्र धुरकट, आणि घट्ट कफ ओढताना रडकुंडीला आणते. जुनी कशी, अंगठा हलायच्या आधी वळते. आठवड्याभराने जुनी दुरुस्तीला पाठवली तेव्हा तिच्या आतल्या अस्तरावर केसाएवढा ओरखडा निघाला, त्यात घाण धरून बसलेली. त्या दिवशी मी ती वापरली असती तर एकाचा रोग दुसऱ्याच्या छातीत गेला असता. मी यावर शेषरावांशी एक शब्द बोललो नाही. लाज वाटली.

मागच्या वर्षी त्यांच्याच खोकल्यात रक्त आलं. महाल भागातल्या घरून लेकीच्या स्कूटरवर बसून ते आले. एक्स-रेत फुफ्फुसात गाठ दिसली. मी जुनी दुर्बीण काढायला सांगितली. गाठ नीट दिसायला, तपासणीसाठी तिचा तुकडा नीट घ्यायला तीच हवी होती. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मले फेकायची लावा."

"अहो, तुम्हीच सांभाळलेली आहे ती. तिच्यातून चांगलं दिसेल."

"म्हनूनच नको. मी आत राहून गेलो तं मले कोन धुईन?"

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. त्यांचं ऐकलं. धुरकट चित्रात, रक्त ओढता ओढता, कसाबसा तुकडा घेतला. गुंगी उतरल्यावर त्यांनी ती दुर्बीण डोळ्यांदेखत कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकायला लावली आणि पिशवीचं तोंड बांधेपर्यंत नजर हलवली नाही. गाठ वाईटच निघाली. उन्हाळा लागायच्या आत शेषराव गेले.

आता त्यांच्या जागी वैशाली आहे, कामाला चोख. परवा तिने जुनी दुर्बीण पाण्यात नीट तपासली, एक बुडबुडा नाही, आणि माझ्या हातात दिली. का कोण जाणे, मी टोक कानाला लावलं.

दोन बारीक ठसके. थोडं थांबून तिसरा.

ही नळी त्यांच्या छातीत कधी गेलीच नव्हती. इतकी वर्षं फक्त त्यांच्या हातात होती.

"काय झालं सर?" वैशालीने विचारलं.

"आज ही नको. नवं पाकीट फोड," मी म्हणालो. "ही मी धुतो."