जुन्या खुर्च्या जातात कुठे?

बडोद्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत असा साहेब सापडणं कठीण, ज्याला माझ्या बायकोच्या आत्याने एक साधा प्रश्न विचारून घाम फोडलेला नाही. यावरून कुणाला वाटेल, बाई भांडखोर असणार. मुळीच नाही. आवाज चढवणं तिला जमतच नाही. तिला फक्त कुतूहल आहे, आणि सत्तरी उलटली तरी ते सहा वर्षांच्या मुलाइतकं ताजं आहे. हा संगतीचा परिणाम. लहरीपुऱ्यामागच्या एका जुन्या सरकारी शाळेत तिने जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला, आणि निवृत्त झाल्यावरही हरणी भागातल्या आमच्या घरून दोन रिक्षा बदलून ती रोज तिथे जाऊन शिकवते. कशाला एवढी दगदग, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "अरे, घरी काही विचारलं की तू लगेच उत्तर देतोस. मुलं निदान आधी विचार करतात."

एकदा मी तिला शाळाखात्याच्या कचेरीत सोडायला गेलो होतो. लिंबाखाली पांढरी गाडी उभी, इंजिन सुरू, आत कुणी नाही. आत्या थांबली. बाहेर बिडी ओढणाऱ्या ड्रायव्हरला तिने विचारलं, गाडी कुणासाठी चालू आहे? "बा, साहेबने गाडी ठंडी जोईए. एटले अर्धो कलाक पहेलां चालू." साहेबांना गार गाडी मिळावी म्हणून अर्धा तास आधी इंजिन चालू, ही व्यवस्था आत्याला मनापासून आवडली. "छान आहे हो. मग मुलं यायच्या आधी शाळेत काय थंड करून ठेवतात?" टोमणा नव्हता, या माणसाला ठाऊक असेल असं तिला खरंच वाटलं होतं. मी दुसरीकडे बघू लागलो, तो माझा नेहमीचा उपाय. ड्रायव्हरने मात्र बिडी विझवून विचार केला आणि म्हणाला, "माटलुं, बा." आत्याने मान डोलावली. उत्तर बरोबर होतं. शाळेत थंड असा एक माठच होता. आणि जानेवारीत फरशी.

त्या फरशीपायीच तिच्या कचेरीच्या खेपा चालल्या होत्या. पहिलीची मुलं विरलेल्या सतरंजीवर बसत, आणि थंडीत त्यांचे पाय असे गारठत की अर्धा वर्ग पावलं हातांत धरून बसे आणि लिहायचं राहून जाई. बाकांची फाइल दोन वर्षं फिरत होती. तेवढ्यात तीन साहेब बदलले, आणि आत्याच्या लक्षात आलं की दर साहेबाबरोबर खुर्चीही बदलते. तिच्या हातचा लीलो चेवडो खाऊन आपला झालेल्या शिपायाने खुलासा केला, "नवा साहेब, नवी खुरशी. बदली थयेलानी खुरशीमां कोण बेसे, बा? अपशुकन." (मला बढती मिळाली तेव्हा मीही नवी खुर्ची मागून घेतली होती. हे आत्याला कुणी सांगू नये.) आत्याने विचारलं, "मग जुन्या खुर्च्या जातात कुठे?"

मागच्या खोलीत प्लास्टिकखाली आजवरच्या साहेबांच्या सात खुर्च्या होत्या. उंच पाठीच्या, गोल फिरणाऱ्या. एकीवर टॉवेलसुद्धा तसाच. आत्या थेट नव्या साहेबांपुढे गेली. "बाक येईपर्यंत त्या पोरांना दिल्या तर चालतील?" साहेब तरुण होता, घाईत होता, लगेच हो म्हणाला. "लई जाओ ने, बा. एमनेम धूळ खाय छे."

टेम्पो अर्थातच मी आणला. पुढे जागा नव्हती, म्हणून मागे एका खुर्चीत बसून गेलो. लहरीपुरा दरवाज्यापाशी दोन दुकानदारांनी मला नमस्कार केला आणि मी गंभीरपणे मान हलवली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

एकेका खुर्चीत तिघं-तिघं मावली. पाय कुणाचेच टेकत नव्हते, पण गार फरशीलाही लागत नव्हते. हात मोकळे झाले, वह्या भरू लागल्या. आठवड्याने साहेब बघायला आला आणि उभाच राहिला, कारण बसायला जागाच नव्हती. एक शेंबडी पोर त्याच्याकडे बघत सरकली, शेजारणीला कोपराने ढकललं आणि म्हणाली, "बेसो ने. आम्ही बारीक आहोत." तो खरोखरच बसला, अगदी कडेला, अवघडून.

पंधराव्या दिवशी त्याचाच फोन आला. ऑडिटवाल्यांनी हरकत घेतली होती. रद्द केलेलं सामान कचेरीबाहेर जाऊ शकत नाही. "मारा हाथमां नथी, बा." आवाज पडलेला होता. आत्यानेच त्याची समजूत घातली, "वांधो नथी, बेटा." खुर्च्या परत प्लास्टिकखाली गेल्या. फाइल फिरतेच आहे.

परवा आत्याला आणायला मी शाळेत गेलो. मुलं पुन्हा सतरंजीवर, पण अजून तिघं-तिघं चिकटून बसलेली, आणि त्या शेंबडीच्या घोळक्यात कडेला वीतभर जागा मोकळी. ही कुणाची, असं मी विचारलं. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "साहेबांची."

मी आत्याकडे पाहिलं. आता ती काहीतरी विचारील असं वाटलं. तिने नुसती सतरंजीची ती कड हाताने सरळ केली.