होडीला हात लावायचा नाही

बायको गेल्यावर मी घरात बसून सगळ्यांवर खेकसायचो. शेवटी सून म्हणाली, "आबा, समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेक होडीवाले व्हये आसत. जावा थंय." तिला मला घालवायचंच होतं. गेलो.

देशोदेशीचे पोहणारे आले होते. प्रत्येकासोबत एक होडी. माझ्या वाट्याला बर्फाच्या देशातली एक पन्नाशीची बाई आली, खांदे रापणीचं जाळं ओढणाऱ्या गड्यासारखे. सरावाच्या दिवसांत ती माझी भाकरी आणि सुक्या बांगड्याचं किसमूर खायची, मी तिची चॉकलेटं. ती तिच्या भाषेत बोले, मी मालवणीत. भांडलोसुद्धा. तिचा एक उंच आफ्रिकन दोस्त लांबूनच मला सलाम ठोके.

गेल्या वर्षी ती अर्ध्यावरच बाद झाली होती, हे दुभाषी मुलीने सांगितलं. यंदा वेळेत काठाला लागायचंच होतं. नियम कडक. होडीला हात लावला की बाद.

शर्यतीत काठ दिसू लागला आणि ओहोटी लागली. बाई हात मारतेय, पण जागच्या जागी. मग उताणी झाली आणि रडू लागली. तिचा हात होडीकडे आला. "हात लावू नको गो बाय," मी ओरडलो आणि होडी बाजूला घ्यायला लावली.

इंजिनवर माझा चुलतभाऊ होता. म्हणाला, "गाऱ्हाणा घाल."

गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घालणं, मी सोडून दिलं होतं. बायको आजारी असताना घसा फुटेपर्यंत घातलं, देवाने ऐकलं नाही. पण ही बाई पोरीसारखी समोर रडत होती.

"बा देवा म्हाराजा, माझा आयकलंस नाय, तां ऱ्हवांदे. हिका तरी काठाक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," भाऊ रिवाजाप्रमाणे गरजला.

दुसऱ्यांदा म्हटलं, तर बाईनेही तोंडातलं पाणी थुंकून ठोकून दिलं, "व्हय म्हाराजा." आम्ही हसून हसून आडवे. तीही हसली आणि पालथी होऊन हात मारू लागली. मग मी थांबलोच नाही. तिचा दम मागितला, तिचे खांदे मागितले, काही सुचेना तेव्हा तिच्या सासूची तब्येतही मागितली.

वेळ संपता संपता तिचे पाय वाळूला लागले. सगळे देश पाण्यात धावले. आफ्रिकन गड्याने मला होडीतून उचलून खांद्यावर घेतलं. लुंगी सुटत होती, मी शिव्या घालत होतो, आणि त्या कुणाला कळत नसल्याने ते आणखीच नाचत होते. तसाच वर बघून मी देवाला सुनावलं, "म्हणजे आयकाक येता तुका."