तक्त्यातली शेवटची वाडी

मैत्रिणींनो, आज कर्जतला भाचीच्या स्लाइडवरच्या तक्त्याची शेवटची ओळ पडद्यावर दिसेना. "मावशी, एका ओळीनं काय बिघडतंय गं?" ती हसली. मी हट्टानं शीर्षक लहान करायला लावलं.

ऐंशीच्या दशकात खालापुरातल्या एका संस्थेत नव्या विहिरी हव्या असलेल्या वाड्यांचा तक्ता मी प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर काढला होता. कॉन्व्हेंट शाळेत लागलेल्या सवयीनं शीर्षक ऐसपैस, वळणदार काढलं आणि शेवटची वाडी पडद्याबाहेर गेली. मंजुरी देणाऱ्या साहेबांनी पडद्यावर दिसल्या तेवढ्याच वाड्या मंजूर केल्या. मधे बोलायला मी लाजले.

त्याच उन्हाळ्यात त्या वाडीतली सोनी नावाची मुलगी नदीच्या डोहावर पाणी भरताना बुडाली. तिची आई मला म्हणाली, "बाई, आमचं नाव तुमी लिवलं व्हतं ना?"

मी "हो" म्हणाले. पुढचं सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही सांगितलं असतं का?