वसंतअण्णांचं ‘कै’

चार मराठी माणसं एका टेबलावर डबे उघडून बसली की किस्से साठतातच! बंगळूरच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात तेव्हा कॉम्प्युटर अजून यायचे होते, आणि निम्मे किस्से एकट्या वसंतअण्णांच्या उजव्या हाताचे होते.

अण्णा जन्माने बंगळूरच्याच चिकपेटचे, जुने मधुमेही. एकदा रेघ ओढता ओढता पेन खाली पडलं.

"अण्णा, पेन!"

"मी नाही सोडलं रे, हातानं सोडलं!"

हात खांद्यापासून लुळा! जेवणाच्या सुट्टीनंतर आपोआप ठीक. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "कारण सापडत नाही." तेव्हापासून हात असाच अधूनमधून जायचा आणि यायचा.

कँटीनमध्ये अण्णांनी एकदा चोरून म्हैसूरपाक उचलला. तोंडाजवळ नेताच हात गळाला, वडी सांबारात! "हा हात शांतेला फितूर आहे!" अण्णा म्हणाले. शांताअक्का म्हणजे त्यांची बायको. अण्णांच्या साखरेवर पहारा त्यांचाच.

मग पुण्याहून नवा गोखले आला. एका सकाळी त्यानं फोन घेतला. शांताअक्का घाईघाईत म्हणाल्या, "वसंतअण्णांच्या घरून बोलते. कै गेलं हो त्यांचं!" आणि लाइन कट. गोखल्यानं फळ्यावर लिहिलं, ‘कै. वसंतअण्णा’. सगळं ऑफिस मान खाली घालून उभं राहिलं. तेवढ्यात अण्णा आले, तेही मान खाली घालून शेजारी उभे राहिले.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही!" गोखले किंचाळला.

"अरे शहाण्या, कन्नडात कै म्हणजे हात! गेला होता, बसमध्ये आला परत!"

हसणं ओसरलं तरी अण्णा फळ्याकडेच बघत होते. "एक दिवस आलाच नाही, तर रेघ कोण ओढणार रे?"

आणि एकदा खरंच आला नाही. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. साहेब अण्णांना स्टोअरमध्ये टाकायचं बोलू लागले. आम्ही बनशंकरीला त्यांच्या घरी गेलो. शांताअक्का तो हात मांडीवर घेऊन घट्ट धरून बसल्या होत्या.

"अगं, सोड. लोक बसलेत. आणि धरलायस की नाही, मला कुठं कळतंय?"

"नाही सोडणार."

गोखल्याची कॉफी निवली.

एवढ्यात अण्णा कळवळले, "शांते, स्वल्प हळू! बांगडी रुततेय!"