चुन्याच्या टाकीवरचे काका

चुनावाले काका माणसांचा पीएच सांगत. सात म्हणजे शांत, सातच्या खाली आंबट, सातच्या वर बुळबुळीत, एवढंच त्यांचं रसायनशास्त्र. पण त्यावर ते सगळी गल्ली मोजत. कॅम्प चारमधल्या आमच्या नाक्यावरचा सिंधी दुकानदार रोज विचारायचा, "क्यों काका, आज मेरा कितना?" काका त्याचं तोंड नीट न्याहाळत आणि म्हणत, "आज चार है साईं, दूर से नमस्ते." मी पेपर बिघडवून आले की म्हणत, "पोरी, पाचवर आलीस. चहा घे, चढेल."

काका अंबरनाथच्या एका लहानशा केमिकल कारखान्यात होते. कारखान्याच्या मागच्या टाकीत वापरलेलं अ‍ॅसिड जमा व्हायचं. त्यात चुना टाकायचा, ढवळायचं, कागदाची पट्टी बुडवायची आणि ती हिरवी झाली की पाणी नाल्यात सोडायचं, हे त्यांचं काम. नाला पुढे नदीला मिळे. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असत. काकू त्यांना दाराबाहेरच कपडे झटकायला लावत. हाताच्या भेगांना खोबरेल चोळताना काका सांगत, "पट्टी हिरवी झाल्यावरही घमेलंभर चुना मी नेहमी ज्यादाच टाकतो. नदीला औषध आहे ते." कामाबद्दल इतक्या समाधानाने बोलणारा माणूस मी तेव्हा दुसरा पाहिला नव्हता.

एमएस्सीला मी प्रकल्पासाठी नदीच्या पाण्यातलं कॅल्शियम हा विषय घेतला. नाला जिथे मिळतो त्याच्या वरचं आणि खालचं पाणी हवं होतं. काका सुट्टीच्या दिवशी स्वतः बरोबर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनीच बाटल्या भरल्या आणि आपल्या डब्याच्या पिशवीतून जपून आणल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी विचारत, "काय म्हणते आपली नदी?"

नाल्याच्या खाली कॅल्शियम कितीतरी पट जास्त निघालं. मी त्यांना तोंडी परीक्षेत सांगावं तसं घडाघडा सांगितलं. चुन्यापासून सुरुवात केली. चुन्याने अ‍ॅसिड मरतं, पण चुन्यातलं कॅल्शियम कुठे जात नाही. थोडं गाळात बसतं, बाकीचं पाण्यात विरघळून पुढे जातं. पाणी जड होतं, त्यातल्या जिवांना सोसत नाही. आणि ते ज्यादाचं घमेलं तर निव्वळ नदीवर भार. काका गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. "म्हणजे माझाच चुना," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तीस वर्षं, पोरी." चहा तसाच ठेवून ते घरी गेले.

आणखी एक वाक्य होतं. ते मला माहीत होतं, आणि मी ते बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी घमेलं सोडून प्लास्टिकचा मग हातात घेतला. एक मग टाकायचा, ढवळायचं, थांबायचं, पट्टी बघायची. टाकी रिकामी व्हायला उशीर होऊ लागला. सुपरवायझर म्हणाला, "काका, चहात साखर घालताय काय?" पुढे टाकीवरून काढण्याची धमकीही मिळाली, पण त्या वाफेत उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. हे सगळं मला काकूंकडून कळे. औषधाची गोष्ट काकांनी पुन्हा काढली नाही. मी त्यांच्या दारावरून जाणं टाळू लागले. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले, आणि वर्षाच्या आत छातीच्या दुखण्याने गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. काकूच आधी बोलल्या. "तुझ्यावर राग नव्हता त्यांचा. म्हणायचे, शेवटची दोन वर्षं मी समजून काम केलं." मग पदराने हात पुसत त्यांनी विचारलं, "पण तू शिकलेली आहेस, तू सांग. त्यांनी नदीचं वाईट केलं का गं?"

"नाही काकू. ते नसते तर नुसतं अ‍ॅसिड गेलं असतं. नदीत काही जगलंच नसतं."

"हे त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही."

काकूंनी पाट पुढे सरकवला. "मग मला सांग. सगळं सांग."

मी बसले, आणि या वेळी अ‍ॅसिडपासून सुरुवात केली.