एक वाजून बारा मिनिटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी बाहेर किती भजी खाल्ली तेही सांगतो. मग तुम्हालाच का? ठाऊक नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल.

शहापुरातल्या एका भात गिरणीतले संगणक मी सांभाळतो. तिथे एक लिनक्सचा सर्व्हर आहे, त्यावर टोकनचा प्रोग्रॅम चालतो. हंगामात डोळखांबकडचे शेतकरी सकाळीच भाताचे टेम्पो घेऊन येतात. ज्याला जो नंबर मिळेल, त्या क्रमाने त्याचं भात मापलं जातं. नंबर द्यायच्या खिडकीत भारतीताई बसायच्या. सापगावच्या. आधी त्या गिरणीत पोती शिवायच्या. जेवणाच्या सुट्टीत एकेक बोटाने टाइप करत स्वतःच शिकल्या आणि खिडकीत आल्या. त्या खुर्चीचा त्यांना फार अभिमान होता. लपवायच्याही नाहीत.

त्यांची एक खोड होती. जेवायला उठताना स्क्रीनचं बटण बंद करायचं. ‘त्यालापन दोन घास इसावा नको का?’ म्हणायच्या. बंद व्हायची ती नुसती स्क्रीन. आत सगळं चालूच असायचं. गिरणीतले सगळे त्यावरून त्यांना चिडवायचे. मीही.

एका दुपारी प्रोग्रॅम बंद पडला. सकाळपासून दिलेले नंबर त्याच्याबरोबर गेले. अंगणात टेम्पोवाल्यांची हमरीतुमरी सुरू झाली – पहिला कोण, दहावा कोण? काही जण तर भात न मापताच परत गेले. मालक मला म्हणाले, का बंद पडला ते शोधून काढ. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते खरंही आहे. फक्त पाच मिनिटांपुरतं.

चालता प्रोग्रॅम उगाच मरत नाही. स्वतःच्या चुकीने पडतो, कुणी माणूस त्याला बंद करतो, नाहीतर सर्व्हरची यंत्रणाच त्याला मारते – आणि यंत्रणा मारते तेव्हा लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, तसं लिहून ठेवते. लिहिलेलं होतं. मेमरी संपली, म्हणून टोकनचा प्रोग्रॅम मारला. वेळ एक वाजून बारा मिनिटं. भारतीताई एकला जेवायला उठल्या होत्या.

मेमरी संपवली कुणी?

माझ्या चुलत्याने म्हशाच्या जत्रेत खोंडांची जोडी घेतली होती. तिचा व्हिडिओ एवढा मोठा होता की फोनवरून जाईना. गिरणीचा सर्व्हर माझ्या लॅपटॉपपेक्षा दणकट – मी तो व्हिडिओ तिथेच लहान करायला लावला होता. भर हंगामात, दुपारी. मेमरी कमी पडली की जो जास्त जागा अडवून बसलाय त्याला यंत्रणा मारते. त्या घडीला सर्वात जास्त जागा सकाळपासून चालू असलेल्या टोकनच्या प्रोग्रॅमने अडवली होती. तो मेला, माझा व्हिडिओ वाचला. संध्याकाळी चुलत्याला पोचलासुद्धा.

पाच मिनिटांत सगळं कळलं होतं. तरी दोन तास शोधण्याचं सोंग केलं. मग मालकांना म्हणालो – जेवायला जाताना ताईंच्या हातून स्क्रीनबरोबर प्रोग्रॅमही बंद झाला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. ती खोड सगळ्यांना पाठ होती. लॉगमधली ओळ मी पुसलीही नाही. कशाला पुसायची? वाचणारं कोण होतं?

आणि मला तरी काय झालं असतं? चार शिव्या. माझ्याशिवाय तो सर्व्हर कुणाला कळत नव्हता – मला काढणार कसे? एवढ्यासाठी मी खोटं बोललो.

भारतीताई पुन्हा पोती शिवायला गेल्या. त्या भांडायला येतील म्हणून मी तयारीत होतो. त्या आल्या, पण म्हणाल्या, ‘माज्याच हातून झालं असंल, भाऊ. तुमी शोधलंत म्हणून कळलं, नायतर मला समजलंच नसतं.’ मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली. हा क्रम मला काही केल्या बदलता येत नाही.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. ती खुर्ची त्यांना परत मिळाली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

यंदा त्यांची मुलगी बारावी झाली. तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घालायचं म्हणून त्या तिला घेऊन माझ्याकडे आल्या – मी त्यातला जाणकार ना! हिला जमेल का, विचारलं. जमेल म्हणालो. तशा त्या लेकीकडे वळल्या.

‘नीट शीक गो,’ म्हणाल्या. ‘आयशीसारखा लोकांचा दिवस नको बुडवू.’

मुलगी हसली. मीही हसलो.